राघोबादादा आनंदवल्लीत रिकामे बसले नव्हते

नमस्कार,

'मिडीव्हल टू: टोटल वॉर' या मध्ययुगीन राज्यं चालवायच्या कॉम्प्युटर गेममधल्या ट्रेट्सवर, म्हणजे पात्रांना चिकटणाऱ्या गुणदोषांवर, मी जो लेख लिहिला होता, त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसात दोष असायचेच, इतिहास अशाच माणसांनी घडवला, आणि ज्याला बिनदोषाचे सेनापती हवेत त्याने खुशाल बुद्धिबळ खेळावं. वर तुम्ही राघोबादादांचा दाखला दिलात. दादा नाशिकजवळच्या आनंदवल्लीत रिकामे बसले, बिघडले, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मग गेममधला राजपुत्र शहरात बसून बिघडला तर निदान नाशिककराने तरी कुरकुर करू नये. शेवटी सल्ला: पटत नसेल तर गेमची फाइल उघडून दोन ओळी बदला.

दोषांना माझा विरोध नाही. दारुडा राजा, भेकड सेनापती, लाचखाऊ सुभेदार हे सगळे मला कॅम्पेनमध्ये, म्हणजे राज्य वाढवायच्या मुख्य खेळात, हवेच आहेत. त्यांच्यामुळेच तर हा नुसता सैन्य हलवायचा खेळ राहत नाही, घराण्याची गोष्ट होते. मला राग येतो तो दोष कुठून आला हे खेळाडूपासून लपवण्याचा.

सिसिली घेऊन खेळताना काय होतं बघा. राजपुत्र राजधानीत, पालेर्मोत आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरायचंय, पण जहाजं अजून बंदरात तयार होतायत. म्हणून तो थांबलाय. मधल्या काळात व्यापार चांगला चालतो, तिजोरी भरते. एका टर्नला (खेळातल्या एका खेपेला) त्याच्या नावावर राइट क्लिक केलं, की गुणांच्या यादीत खाली एक नवी ओळ दिसते: साहेब पैसे खायला लागले. त्या ओळीवर कर्सर नेला की परिणाम कळतात आणि खाली दोन वाक्यांचं वर्णन येतं. हे का झालं, याबद्दल चकार शब्द नाही. ते कळायचं तर गेम बंद करून ट्रेट्सची टेक्स्ट फाइल वाचायची. तिथे अटींची भली मोठी माळ आहे: टर्न संपताना माणूस शहरात होता का, चालण्याची क्षमता किती शिल्लक राहिली, शहरात कुठली इमारत आहे, तिजोरीत ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसा आहे का. अट जुळली की शक्यतेचा फासा पडतो आणि पडद्याआड गुण साठत जातात. ठरलेला आकडा ओलांडला की ट्रेट चिकटतो. काही ट्रेट्सना तर अशी पायरी नेमून दिलेली आहे, की ती चढल्यावर माणूस मागे फिरूच शकत नाही.

म्हणजे पालेर्मोच्या राजपुत्राने लाच घेतलीच नाही. राज्याची तिजोरी भरली होती आणि तो शहरात उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा.

त्यात काळाचा घोळ. कॅम्पेन १०८० ते १५३० चं, एक टर्न दोन वर्षांचा. पण पात्रांचं वय एका टर्नला सहाच महिन्यांनी वाढतं. चार टर्न जहाजांची वाट पाहिली तर कॅलेंडरवर आठ वर्षं जातात आणि राजपुत्र दोनच वर्षांनी मोठा होतो. मग आळसाची शिक्षा द्यायची ती आठ वर्षांची की दोन वर्षांची? गेम यातलं काहीच मोजत नाही. तो टर्न मोजतो, आणि टर्न म्हणजे मी माऊसने केलेली क्लिक.

याचा परिणाम खेळणाऱ्यावर होतो, आणि माझ्या मते खरा तोटा इथेच आहे. ज्यांना ही गणितं कळली, ते गव्हर्नरला (शहराचा कारभार पाहणाऱ्या पात्राला) दर टर्नला वेशीबाहेर काढून परत आत आणतात. तिजोरीत पैसा साठू देत नाहीत, गरज नसलेल्या इमारती बांधून उडवून टाकतात. घराण्याची गोष्ट राहते बाजूला, माणूस फाइलमधल्या अटी चुकवत बसतो. तुम्हीच लिहिलंय, की तुमचे गव्हर्नर कधी बिघडत नाहीत, कारण तुम्ही त्यांना हलवत ठेवता. हे तुमचं कौशल्य आहे, मी ते नाकारत नाही. पण वेशीबाहेर जाऊन परत आल्याने माणूस सज्जन राहतो, हा इतिहास कुठल्या देशाचा?

याच गेममध्ये हेच काम उत्तम केलेलंही आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. लढाई जिंकली की कैद्यांचं काय करायचं ते विचारतात: सोडून द्या, खंडणी घ्या, नाहीतर कापून काढा. सोडले तर सेनापतीचं औदार्य वाढतं, कापले तर दहशत. दोन्हींचे फायदे आहेत, दोन्हींची किंमत आहे, आणि निर्णय माझा. वीस वर्षांनी तोच सेनापती क्रूर म्हणून नावाजला तर मला आठवतं, की त्या दिवशी मीच ते बटण दाबलं होतं. हेरांचंही तसंच. हेर हवेत तर शहरात कुंटणखाना किंवा दारूचे गुत्ते बांधावे लागतात, आणि तिथला गव्हर्नर पुढे बाटलीच्या नादी लागू शकतो. कल्पना म्हणून हे मला फार आवडतं. फक्त इमारत बांधतानाच तेवढं सांगा, म्हणजे राजधानीत बांधायची की सीमेवरच्या एखाद्या गावात, हे मी ठरवीन.

आता राघोबादादा.

दादा १७५८ मध्ये लाहोरपर्यंत जाऊन आले. परतले ते कर्ज घेऊन. त्यावरून सदाशिवरावभाऊंशी खटका उडाला आणि उत्तरेची पुढची मोहीम भाऊंकडे गेली. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले. गादीवर सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव, कारभार काकांच्या हाती. माधवराव कारभारात स्वतः लक्ष घालू लागले तसं बिनसलं. १७६२ मध्ये आळेगावला काकांनी पुतण्याला नमवलं. लगेच पुढच्या वर्षी राक्षसभुवनला दोघं मिळून निजामाशी लढले आणि जिंकले. माणूस तोच, स्वभाव तोच. फरक पडला तो समोर कोण आहे आणि हाती काय लागणार आहे याने.

मग आनंदवल्ली. आज गंगापूर रोडवरून जाताना सोसायट्यांच्या गर्दीत ते पटकन लक्षातही येत नाही. दादांचा तिथे मुक्काम होता हे खरं, पण रिकामे बसले होते हे मला मान्य नाही. दौलतीत वाटा हवा हा त्यांचा धोशा होता, फौज जमत होती, दमाजी गायकवाडांची मदत मिळत होती. हे सगळं पुण्याला कळतही होतं. म्हणून तर १७६८ मध्ये माधवराव चालून आले आणि धोडपला दादांचा मोड केला. आग्रा हायवेवर वडाळीभोईच्या आसपास कातळाच्या भिंतीत मोठी खाच पडलेला जो डोंगर दिसतो, तोच हा धोडप. तिथून दादांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १७७२ मध्ये माधवराव थेऊरला क्षयाने गेले, १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी दादांना दोषी धरलं.

या घटनाक्रमात खेळाडू कोण, तर माधवराव. काकांचं मन कशाने फिरलंय हे त्यांना दिसत होतं. समजूत काढणं, वाटा देणं, लढणं, कैदेत टाकणं, प्रत्येक वाट समोर होती आणि प्रत्येकीची किंमत माहीत होती. त्यांनी वाट निवडली, किंमत मोजली. दादांचा दाखला गेमच्या बाजूने लावायचा असेल, तर एका सकाळी माधवरावांना खलिता यायला हवा होता, की काका टर्नभर नाशकात थांबले, सबब ते आता दगाबाज.

माझ्या मनात काय आहे ते 'क्रूसेडर किंग्ज थ्री' या दुसऱ्या गेममध्ये बऱ्यापैकी उतरलंय. तिथे राजा दयाळू असेल आणि त्याने कैद्याला मृत्युदंड द्यायचा ठरवला, तर त्याचा मानसिक ताण वाढेल हे बटणावर कर्सर नेताच दिसतं. ताण १००, २००, ३०० असे टप्पे गाठतो आणि दर टप्प्याला माणूस आतून मोडतो. तेव्हा दारू जवळ करायची की आणखी काही, हेही बरेचदा माझ्यावर सोपवलेलं असतं. तिथला दारुडा राजा मला कधी परका वाटला नाही. त्याच्यामुळे हातची राज्यं गेली, तरी मी जुना सेव्ह उघडला नाही.

राहता राहिली फाइल. त्या ओळी मी बदलून पाहिल्या आहेत. ट्रिगरच्या, म्हणजे ट्रेट देणाऱ्या अटींच्या प्रत्येक गटाच्या, शेवटी 'चान्स' या शब्दापुढे आकडा असतो, तो कमी केला की भ्रष्ट गव्हर्नर कमी होतात. पण जे उरतात तेही तितक्याच अचानक उगवतात. राजपुत्राच्या कागदावर कारण छापून येण्याची सोय त्या फाइलीत नाही. तरी तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवा, आणि सगळे दुर्गुण सरसकट पुसू नका. तिजोरी आणि शहरात थांबणं यांच्याशी जोडलेले ट्रिगर तेवढे शोधा. गुत्त्यांचे ट्रिगर मी तसेच ठेवले आहेत.