इंजिनाचं हेड एकदाच उघडण्यात काय मजा?

खंबाटकी चढताना तापमानाची सुई अर्ध्याच्या वर सरकली, तर तिच्याकडे बघू नका. एसी बंद करण्याचा तर विचारही नको, मागे सासुरवाडीची मंडळी बसली आहेत. घाटात बॉनेट उघडून उभं राहणं म्हणजे येणाऱ्या प्रत्येक एसटीला आपली ऐपत दाखवणं. सातारा काही फार लांब नाही, रेटा.

याची पूर्वतयारी अर्थात वर्षभर करावी लागते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत राहा. कूलंट म्हणजे नुसतं हिरवं पाणी, रंगाचे पैसे कोण देणार? कुठे गळू लागलं तर चमचाभर हळद टाका. माणसाच्या जखमेला चालते ती गाडीच्या का चालू नये? बोअरच्या क्षारांनी अर्ध्या बुजलेल्या नळ्या ती उरलेल्या बुजवते.

एवढं केलंत की हेड गॅस्केट उडणारच. इंजिनाचं खालचं धड म्हणजे ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, या दोघांच्यामध्ये बसलेला हा पातळ पत्रा. एका बाजूला दोन हजार अंशांच्या वर जाणारी आग, शेजारी पाणी, पलीकडे ऑइल, आणि तिघांची गाठ पडू न देण्याचं काम याच्याकडे. त्यात हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल तर तापल्यावर हेड ब्लॉकच्या मानाने जवळजवळ दुप्पट फुगतं. तेव्हा मध्ये कोण भरडलं जातं, हे एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेला विचारा.

मग ऑइलच्या झाकणाखाली साय धरते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो. कूलंट जळत असेल तर त्या धुराला गोडसर वास येतो. तुम्ही तेवढीही उधळपट्टी केलेली नाही.

मिस्त्री म्हणेल, "साहेब, हेड लेथवर पाठवून फेसिंग करून, म्हणजे सपाट करून घेऊ. दोन दिवस द्या." लगेच हसा. हेडवर सरळपट्टी ठेवून तिच्याखाली फट मोजायचा पातळ फीलर गेज सरकवायचा आणि ०.०५ मिलिमीटरचा बाक शोधायचा, असले हट्ट कंपनीच्या मॅन्युअलला शोभतात. केसाहून बारीक फट तुम्हाला दिसत नाही, म्हणजे ती नाही. रविवारी घरच्या पार्किंगमध्ये स्वतःच बसवा.

जुनं गॅस्केट जाड स्क्रूड्रायव्हरने खरवडा. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, छान चरे पडतात. वर पॉलिश पेपर मारा आणि त्याची भुकटी ऑइलच्या भोकांत जाऊ द्या, बेअरिंगांनाही काही काम हवं. नव्या गॅस्केटवर 'टॉप' असं कोरलेलं असलं तरी ते वर ठेवलंच पाहिजे असं कुठे आहे? उलटं बसवलं तर पाण्याची एकदोन भोकं बुजतील इतकंच. शंका आलीच तर दोन्ही बाजूंना सीलंट भाकरीवर लोणी थापावं तसं थापा.

बोल्ट जुनेच वापरा. काही गाड्यांचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि म्हणून एकदाच वापरायचे असतात, पण आपल्याकडे लग्नाचा शालूसुद्धा दोनदा नेसतात. बोल्टच्या भोकांत साचलेलं ऑइल पुसू नका. बोल्ट त्याच्यावर दाबला गेला की आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचला वाटतं हेडच आवळलं, आणि नशीब असेल तर ब्लॉकही तडकतो. रेंच नसेलच तर हा प्रश्नच मिटला, मनगट आहे. आवळण्याचा क्रम मधून बाहेर, जिलबीच्या वळणाने, दोन-तीन फेऱ्यांत, असं सांगतात. तुम्ही पंगतीत वाढतात तसं एका टोकापासून सुरू करा आणि पहिल्याच फेरीत पोट भरेपर्यंत वाढा. शेवटी एखादा नट वाटीत उरेल. उरू द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं: गाडी तापली कशामुळे, हे कुणालाही विचारू नका. रेडिएटरचा पंखा फिरतो का, वॉटर पंप पाणी ढकलतो का, इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट उघडतो का, या चौकशा नकोत. गॅस्केट गेलं, गॅस्केट बदललं. मयताला खांदा दिल्यावर पोस्टमॉर्टेम कोण करतं?

पुढच्या शनिवारी पुन्हा सासुरवाडी, पुन्हा खंबाटकी. त्याच वळणावर सुई वर जाईल. या वेळी मिस्त्रीला फोन लागला तर तो आधी विचारेल, "किती तापली होती?"

"थोडीशीच," म्हणा.