चूक तीच, भरपाई वेगळी

डॉक्टरची चूक जितकी मोठी तितकी नुकसानभरपाई मोठी, असं तक्रार घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला वाटतं. मी ग्राहक आयोगात तक्रारदारांच्या बाजूने उभी राहते, त्यामुळे हा गैरसमज काढणं हे माझं नेहमीचंच काम. हलगर्जीपणा सिद्ध व्हावा लागतो, हे खरंच. पण तो एकदा सिद्ध झाला की पुढचा आकडा मुख्यतः ठरतो पेशंटचं वय, पेशंटची कमाई आणि घरात त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवरून. त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये, त्याच हातून, तीच चूक झाली तरी आयटीतल्या इंजिनिअरच्या घरी एक रक्कम जाते आणि त्याच्या आईच्या बाबतीत तिच्या दहाव्या हिश्शाइतकीही जाईलच असं नाही.

पटत नसेल तर देशातल्या सगळ्यात गाजलेल्या निकालाचं गणित बघा. कुणाल साहा खटला, सर्वोच्च न्यायालय, ऑक्टोबर 2013. साहांची पत्नी 1998 मध्ये गेली, वय 36. कोलकात्यात त्वचेच्या आजारावर स्टेरॉइडचे भलतेच मोठे डोस दिले गेले होते. मंजूर झालेली रक्कम 6 कोटी 8 लाख, वर 6 टक्के व्याज. पेपरात एवढंच छापून आलं, पण खरी गोष्ट आतल्या फोडीत आहे. त्या अमेरिकेत राहत होत्या, म्हणून वार्षिक उत्पन्न धरलं 40 हजार डॉलर. पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात 30 टक्के मिळवले, झाले 52 हजार. त्यांचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा केला, राहिले 34,667. गुणिले 30 वर्षं, गुणिले डॉलरचा भाव 55 रुपये. उत्तर 5 कोटी 72 लाख 550 रुपये. सहा कोटींतले पावणेसहा कोटी असे एका ओळीच्या गुणाकारातून आले.

आणि बाकीचं? रुग्ण म्हणून त्यांनी सोसलेल्या यातनांचे 10 लाख. उपचारांचे 7 लाख, मुंबईच्या प्रवासाचे आणि हॉटेलचे साडेसहा लाख, कोर्टकचेरीचे साडेअकरा लाख. पतीने पत्नीचा सहवास गमावला, त्याचा 1 लाख. सहवासापेक्षा हॉटेलचं बिल साडेसहा पटीने महाग! न्यायमूर्ती निष्ठुर होते असं मला म्हणायचं नाही. बिल दाखवता येतं, सहवासाची पावती नसते, आणि आपली सगळी पद्धत पावतीवर चालते.

याच गणितातली आणखी एक गोष्ट वकिलांनाही कधीकधी लक्षात येत नाही. मोटार अपघातांत मल्टिप्लायरचं, म्हणजे वर्षाचं नुकसान वयानुसार कितीने गुणायचं याचं, कोष्टक असतं, 2009 च्या सरला वर्मा निकालातलं. त्यात 36 ते 40 वयाला 15 चा मल्टिप्लायर आहे, 65 च्या पुढे फक्त 5. साहा प्रकरणात न्यायालयाने हे कोष्टक वैद्यकीय प्रकरणाला जसंच्या तसं लावायला नकार दिला आणि 30 वर्षं धरली. कोष्टक लावलं असतं तर 5.72 कोटींचे 2.86 कोटी झाले असते. रक्कम निम्मी करायची की दुप्पट, हे त्या एका निर्णयावर ठरलं. हलगर्जीपणाच्या प्रमाणाशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता त्याच वयाची गृहिणी घ्या. पगाराची स्लिप नाही, म्हणून उत्पन्न अंदाजाने धरायचं. समजा महिना 15 हजार धरले. 40 टक्के भविष्यातली वाढ, एक तृतीयांश वजा, मल्टिप्लायर 15. उत्तर येतं 25 लाख 20 हजार. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या बाईच्या उरलेल्या आयुष्याचा हा हिशोब, तोही कोणी पंधरा हजार धरले तर. 2001 च्या लता वाधवा निकालात गृहिणीच्या कामाचे महिना 3 हजार धरले होते, आणि तेव्हा ते पुढचं पाऊल समजलं गेलं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला मोल आहे हे पुन्हा ठणकावून सांगितलं. पण खाली जिल्हा पातळीवर बहुतेकदा कोणी गणित मांडतच नाही. तक्रार ‘अंशतः मंजूर’ होते, ठोक रक्कम लिहिली जाते, ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी’ अमुक, ‘तक्रार खर्चापोटी’ तमुक, द.सा.द.शे. इतके टक्के व्याज. ही ठोक रक्कम कुठून आली, असं विचारलं तर निकालपत्रात उत्तर सापडत नाही.

पेशंट जिवंत राहिला आणि जन्माचा अधू झाला, तर हिशोब वेगळा असतो आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक. हैदराबादच्या प्रकरणातला प्रशांत धनंका हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळा पडला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याने व्हीलचेअरवरून स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्याला मिळालेल्या 1 कोटीत नर्सिंगचा, फिजिओथेरपीचा, ड्रायव्हर-कम-मदतनीसाचा खर्च वेगवेगळा, वर्षानुवर्षांचा धरला आहे. चेन्नईत वेळेआधी जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची तपासणी वेळेत झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. राष्ट्रीय आयोगाने 5 लाख दिले होते, सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ते सुमारे 1 कोटी 80 लाखांवर नेले, कारण पुढच्या उपचारांचा खर्च आणि महागाई दोन्ही मोजली. म्हणून पेशंट अंथरुणावर असेल तर मी घरच्यांना सांगते, वही ठेवा. डायपर किती, आया किती तास, बेडसोअरचं ड्रेसिंग किती वेळा, कोणी नोकरी सोडली. वही नसेल तर हे सगळं ‘मानसिक त्रासा’त गडप होतं.

हे झालं निकालाचं. पण किती कुटुंबं निकालापर्यंत टिकतात? रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर 1953 मध्ये अपघातात मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाचं प्रकरण 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपलं. पंधरा वर्षं, भरपाई 3 हजार रुपये, आणि वडील स्वतः डॉक्टर! साहा प्रकरणाचाही काळ तितकाच. त्यामुळे बाकीचे तडजोड करतात. आणि तिथे तर वय आणि पगारसुद्धा बाजूला पडतात.

तडजोडीचा आकडा कशावर ठरतो, हे मी बघत आले आहे त्यावरून सांगते. केस पेपर कोणाच्या हातात आहेत. बिल थकलंय का. नातेवाइकांमागे कोणी नेता उभा आहे का. हॉस्पिटलला नावाची किती भीती आहे. डॉक्टरच्या इंडेम्निटी पॉलिसीची, म्हणजे चुकीची भरपाई भरून देणाऱ्या विम्याची, मर्यादा किती आहे. या शेवटच्या मुद्द्याबद्दल डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. इन्शुरन्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, अशी अट या पॉलिसींमध्ये सर्रास असते. म्हणजे ज्या डॉक्टरला मनापासून ‘माझं चुकलं’ म्हणायचंय, तोही गप्प बसतो. घरच्यांना ते गप्प बसणं उर्मटपणा वाटतं, आणि निम्मी प्रकरणं तिथेच चिघळतात, असं माझं मत आहे.

यात कायद्याने एक विचित्र गोष्ट करून ठेवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, पण 2020 च्या नियमांनुसार हलगर्जीपणामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. हेतू चांगला असेल, जिवाचा सौदा होऊ नये म्हणून. पण सौदा थांबलाय कुठे? तो आयोगाच्या मध्यस्थी कक्षाऐवजी हॉस्पिटलच्या ॲडमिन ऑफिसात होतो. तिथे एका बाजूला वकील, अकाउंटंट आणि मोठे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला स्मशानातून आलेला माणूस. मधे कोणी नाही. बिल माफ, वर काही रक्कम, आणि सहीसाठी एक कागद: ‘आमची रुग्णालयाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही.’ या कागदावर उपचार काय झाले याबद्दल एक शब्द नसतो. पुढे तो दबावाखाली लिहून घेतला असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करण्याचं ओझं सही करणाऱ्यावर.

माझं म्हणणं असं की गंभीर प्रकरणांना मध्यस्थी बंद ठेवण्यापेक्षा ती कडक अटींवर उघडावी. सगळे कागद आधी तक्रारदाराला मिळालेले असावेत, त्याच्या बाजूने एक स्वतंत्र डॉक्टर असावा, आणि ठरलेल्या रकमेची फोड लिहून आयोगाने ती तपासावी. यातना आणि सहवास यांसाठी एक किमान रक्कम असावी, जी पगारावर अवलंबून नसेल आणि महागाईबरोबर वाढेल. मोटार अपघातांत 2017 पासून सहवास, अंत्यविधी अशा ठरावीक शीर्षकांखालच्या रकमा दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढतात. रकमा तुटपुंज्या आहेत, पण तत्त्व तरी आहे. दवाखान्यात गेलेल्या जिवाला तेवढंही नाही.

तोवर, कोणावर ही वेळ आलीच तर कागदावर सही करण्याआधी इंडोअर केस पेपरची (भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदींची) प्रत लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागते. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. रक्कम कोटीत मागितली तरी आता मागणीवर नाही, तुम्ही भरलेल्या बिलावर जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग ते ठरतं, आणि बिल 50 लाखांपर्यंत असेल तर काम आपल्याच जिल्ह्यात चालतं. बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही.