ओल्या पायांचं पाहुणं

आमच्या घरात आजवर एकही प्राणी टिकलेला नाही, याचं कारण आई. मुलानं हट्टानं आणलेले सोनेरी मासे चौथ्या दिवशी परत गेले, कारण ते 'मी जेवताना टक लावून बघतात'. एका मांजरीनं दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं होतं. ते पातेलं त्या दिवशी चिंचेनं घासलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी भंगारात गेलं. त्यामुळे ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शेजारचे तात्या टोपीत काहीतरी झाकून दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी मागे वळून आई कुठे आहे ते पाहिलं.

टोपीत बदकाचं एक पिल्लू होतं. दोन पेढ्यांएवढं. वरून काळपट, खालून पिवळं, डोळ्यावरून एक काळी रेघ. पाटाच्या कडेच्या गवतात कुत्र्यांनी धुमाकूळ घातला होता. पिल्लाची आई उडाली, भावंडं पांगली आणि हे एकटं बांधावर ओरडत बसलेलं तात्यांना सापडलं. त्यांनी तासभर लांब थांबून वाट पाहिली, आई फिरकली नाही.

"तुम्ही विज्ञानाचे मास्तर, तुम्हाला कळतं," असं म्हणून तात्या रिकामी टोपी डोक्यावर घालून निघून गेले.

आम्ही निफाडकर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर इथून जवळ. 2020 साली त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला. हिवाळ्यात तिथे लांबून आलेले पक्षी आणि त्याहून लांब भिंगांचे कॅमेरे येतात. पण हे पिल्लू पाहुण्या जातीचं नव्हे, इथल्याच हळदीकुंकू बदकाचं. मोठेपणी काळ्या चोचीचं टोक पिवळं होतं आणि कपाळालगत दोन लाल ठिपके उमटतात, म्हणून हे नाव. मादीचं कुंकू मात्र पुसट किंवा नसलेलंच. ही बदकं इथेच राहतात आणि पावसाळ्यात पाण्याजवळच्या गवतात अंडी घालतात.

रानपक्षी घरात पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मीच नववीला शिकवतो. म्हणून लगेच वनविभागाच्या 1926 ला फोन लावला. पुढे बोलणं इथल्या वनरक्षकाशी झालं. माणूस फार सज्जन. "सर, ऊब द्या. पाव नको, दूध नको. पाऊस उघडला की आम्ही येतोच." पाऊस नऊ दिवस उघडला नाही.

ऊब म्हणजे पहिल्या आठवड्यात बत्तीस ते पस्तीस अंश. खोक्यावर साधा साठचा बल्ब टांगायचा, एवढंच. पण तुम्ही अलीकडे साधा बल्ब विकत घ्यायला गेला आहात का? निफाडात चार दुकानं फिरलो. प्रत्येकानं एलईडी पुढे केला. "सर, हा गरमच होत नाही, वीज वाचते!" मला तापणाराच पाहिजे म्हटल्यावर चौथ्या दुकानदारानं माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, ती एका शिक्षकाला पेलणारी नव्हती. शेवटी बल्ब मिळाला तो आमच्याच न्हाणीघरात, 'हा कधी उडतोय' म्हणून मी गेली सहा वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवून होतो तो. तापाचा थर्मामीटर पस्तीसच्या खाली काही सांगतच नाही, म्हणून प्रयोगशाळेतला आणला. एवढी सिद्धता झाली आणि लाईट गेली. रात्रभर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून दर दीड तासानं बदलली. स्वतःच्या मुलासाठी मी हे केलं नव्हतं, अशी नोंद बायकोनं रात्री तीन वाजता केली.

मग खाणं. कोंबडीच्या पिलांचं औषधविरहित खाद्य मिळालं, पण बदकाच्या पिलाला कोंबडीच्या पिलापेक्षा नायसिन नावाचं जीवनसत्त्व जास्त लागतं, नाहीतर पायात जोर येत नाही. त्यासाठी यीस्टची पूड. औषधाच्या दुकानात विचारलं.

"पेशंटचं वय?"

"चार दिवस."

"वजन?"

"चाळीस ग्रॅम असेल."

त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली आणि मालकाला हाक मारली.

बदकाचं पिल्लू कोरडं खात नाही. एक घास खाद्याचा, लगेच चोच पाण्यात, मग पाण्यातून खाद्यात. पाच मिनिटांत दोन्ही भांड्यांत एकच चिखल, आणि त्या चिखलात उभं राहून ते मागच्या बाजूनं आपलं योगदान देतं. आई लांबून बघत होती. "काला करतंय," ती म्हणाली. गोकुळाष्टमी तोंडावर होती, त्यामुळे हे कौतुक होतं की तक्रार ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घोडचूक केली. बदक आहे, पोहेलच, म्हणून परातीत पाणी भरून सोडलं. दोन मिनिटं ऐटीत फिरलं आणि मग भिजलेल्या कापसाच्या वातीसारखं होऊन थरथरायला लागलं. पिलाच्या मऊ पिसांना लागणारं तेल बरंचसं आईच्या अंगाखाली बसून मिळतं, हे मी नंतर वाचलं. आईनं वाचलं नव्हतं, तरी ती स्वयंपाकघरातून कडाडली, "अरे, जन्मल्या जिवाला तेल लावल्याशिवाय कोणी पाण्यात घालतं का?" चार बाळंतपणं केलेल्या बाईनं पक्षिशास्त्र एका वाक्यात सांगितलं. त्यानंतर खोबरेल तेलाची बाटली घेऊन ती खोक्याकडे निघाली, तेव्हा मात्र मला आडवं पडावं लागलं. अर्धं शास्त्र माझ्याकडे होतं.

आता खरी गोष्ट. ऑस्ट्रियाचे प्राण्यांच्या वागणुकीचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ, 1973 चे नोबेलवाले, त्यांच्यामागून हंसांची पिल्लं रांगेनं चालत. अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं दिसेल त्याला ती आई मानतात. हा धडा मी वीस वर्षं शिकवतोय, त्यामुळे आता आपलाही लोरेंझ होणार या कल्पनेनं मी दाढी वाढवायला घेतली होती. खोकं उघडून मी खोलीभर चाललो, वाकून चाललो, 'क्वॅक' केलं. पिल्लू जागचं हललं नाही.

तेवढ्यात आई विष्णुसहस्रनाम पुटपुटत देवघराकडे निघाली. खालच्या पट्टीत, न थांबता, एकाच लयीत. पिल्लानं मान वर केली, खोक्याची कड ओलांडली, तोंडावर आपटलं, उठलं आणि धावत तिच्या पदराखाली जाऊन चालायला लागलं. बदकांची पिल्लं अंड्यात असतानाच आईचा आवाज ऐकतात. माझा 'क्वॅक' त्यांच्या ऐकण्यात नव्हता. पुटपुटणं होतं.

तिथून पुढे घरात मिरवणूकच सुरू झाली. पुढे आई, मागे पिल्लू, त्याच्यामागे फडकं घेऊन मी. आई थांबली की पिल्लू थांबे. नामस्मरण थांबलं की पिल्लू टाहो फोडे, म्हणून आईला फोनवर बोलतानाही मध्ये मध्ये 'केशवाय नमः' घालावं लागे. माझ्या मावशीला वाटलं, घरात काहीतरी अशुभ घडलंय.

सोवळ्याचा प्रश्न पाचव्या दिवशी सुटला. आईचे डोळे मिटलेले असताना पिल्लू ताम्हणात उतरलं. खोली अगदी मापाची, पाणी कोमट. मी श्वास रोखून चिंच शोधायला लागलो. आईनं डोळे उघडले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "असू दे. देवसुद्धा पाण्यातच बसलेत." मग कोरड्या पदरानं तिनं त्याला टिपलं आणि बल्बखाली ठेवलं.

त्या रात्री तिनं जातीचं नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. "बाबा गेल्यापासून अकरा वर्षांत मला कोणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही," ती वाती वळता वळता म्हणाली. "बरं झालं, तेच चालत आलं." बायको तिच्याशेजारी बसली आणि न बोलता वाती वळायला लागली. मी फडकं धुवायला गेलो.

दहाव्या दिवशी ऊन पडलं आणि वनरक्षक गाडी घेऊन आले. उपचार केंद्रात याच जातीची आणखी सहा पिल्लं होती, आणि पिल्लू एकटं माणसांत वाढलं तर पुढे ते बदकांत रमत नाही, असं त्यांनी समजावलं. आई नेसलेल्या साडीनिशी गाडीत बसली. कोणी तिला विचारलं नव्हतं.

जाळीआड सोडल्यावर आमचं पिल्लू क्षणभर गोंधळलं, मग त्या सहांत घुसलं आणि सातांमधलं आमचं कुठलं, ते कळेनासं झालं. मी नऊ दिवस जागलेला माणूस, मला ओळखता येईना. आई काहीच बोलली नाही. चप्पल घालून वळली आणि सवयीनं पुटपुटायला लागली.

सातही पिल्लं धावत येऊन जाळीला चिकटली.

वनरक्षकांनी टोपी मागे सरकवली. "आजी, दर मंगळवारी याल का? चार्‍याला बोलावलं तर ही येतच नाहीत."

"मंगळवारी भजन असतं माझं," आई म्हणाली. "बुधवारचं बघू. आणि त्या परातीतलं पाणी कोमट करा आधी."