'लाइक क्रेझी'तली ॲना मूर्ख नाही

नमस्कार,

'लाइक क्रेझी' या चित्रपटावरचा माझा लेख वाचून तुम्ही मनापासून चिडून लिहिलंय, म्हणून मीही दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होत नाही. तुमचं म्हणणं असं: व्हिसा संपतोय हे माहीत असताना लॉस एंजलिसला शिकायला आलेली ब्रिटिश ॲना केवळ तिथल्या जेकबला सोडून जाववत नाही म्हणून अमेरिकेत राहते, मग दीड तास दोघं कुढत बसतात. कॅमेरा घरगुती व्हिडिओसारखा हलतो. आणि शेवट तर केलेलाच नाही. 'दोन मूर्खांची गोष्ट', हा तुमचा निकाल.

'मूर्ख' हा शब्द मला लागला. ॲना चुकते, यात वाद नाही. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर परदेशी विद्यार्थ्याला आवराआवर करून निघायला 60 दिवस मिळतात. ती सगळा उन्हाळा राहते. पण तो उन्हाळा दिग्दर्शक ड्रेक डोरेमसने कसा दाखवलाय ते आठवा. पलंगावर झोपलेली दोघं, वरून टिपलेली, दर वेळी वेगळ्या तऱ्हेने. काही क्षणांत सुट्टी संपते. पुढची वर्षं मात्र सरता सरत नाहीत. सुख आणि त्याची किंमत यांचं हे व्यस्त प्रमाण हाच या चित्रपटाचा जीव आहे. विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला फक्त मुदतीनंतर राहिल्याची नोंद दिसते. हातात व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे तोच ठरवतो. मायदेशी जाऊन पुन्हा अमेरिकेत आलेल्या ॲनाला तिथूनच परत पाठवतात. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला त्या पलंगावरून उठून विमान पकडता आलं नाही, तर मी तिला मूर्ख म्हणणार नाही.

जेकब फर्निचर घडवतो. 'जेकबने ॲनाकडे लंडनला जायचं, खुर्च्या काय कुठेही करता येतात', असंही तुम्ही म्हणता. येतात. पण नुकतं कुठे नाव होऊ लागलेलं, गिऱ्हाईक ओळखू लागलेलं असताना स्वतःच्या हाताने उभी केलेली कार्यशाळा बंद करणं, तेही कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपणहून! दोघांपैकी कुणी काय सोडायचं, या प्रश्नावरच अशी नाती कुजतात. मोठं भांडण लागतच नाही.

आता कॅमेरा. हा चित्रपट सुमारे अडीच लाख डॉलरमध्ये, कॅनन 7डीवर चित्रित झाला. मुळात तो फोटो काढायचा कॅमेरा. पैसे कमी होते हे खरं, पण त्यामुळेच तो लहानशा खोलीत नटांच्या अगदी जवळ जाऊ शकला. संवादही लिहिलेले नव्हते. डोरेमस आणि बेन यॉर्क जोन्स यांनी साधारण 50 पानांचा आराखडा केला, बोलणं मुख्यतः नटांनी जागच्या जागी उभं केलं. म्हणून ॲना झालेली फेलिसिटी जोन्स वाक्य अर्ध्यावर सोडते, जेकब झालेला अँटन येल्चिन उत्तर देण्याआधी नजर खाली वळवतो. 2011 च्या सनडान्स महोत्सवात चित्रपटाला ग्रँड ज्युरी पारितोषिक आणि फेलिसिटी जोन्सला अभिनयासाठी विशेष ज्युरी पारितोषिक मिळालं, ते मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही.

मी स्वतः तीन वर्षं असं नातं फोनवर जगले आहे. लंडनला रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा लॉस एंजलिसला दुपारचे तीन. एक दिवसभराचं सगळं सांगायला आसुसलेला, दुसऱ्याचे हात कामात. प्रेम तेवढंच असतं, फक्त ते सांगायची वेळ दोघांची एक नसते. लिहिलेल्या चटपटीत संवादांत ही चुकामूक मला क्वचितच दिसली आहे.

एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात आणि मी मूळ लेखात ते लिहायला हवं होतं. ॲना दूर असताना जेकब जिच्याबरोबर राहतो, त्या सॅमवर अन्याय होतो. जेनिफर लॉरेन्सने थोडक्या प्रसंगांत ती इतकी खरी केली आहे की जेकब ॲनासाठी तिला दूर करतो तेव्हा मला त्याचा राग येतो. ॲना मूर्ख नाही, पण जेकब तिथे निष्ठुर आहे. चित्रपटही सॅमच्या दुःखापाशी पुरेसा थांबत नाही.

राहिला शेवट. पुन्हा बघाल तर शॉवरच्या दृश्याआधी, ते अखेर भेटतात तो प्रसंग नीट बघा. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आलाय, आणि दोघं पाहुण्यांसारखी जपून बोलतायत. मग पाण्याखाली ती मिठी. सुरुवातीचे दिवस दोघांच्याही चेहऱ्यांवरून सरकून जातात. ती आधी बाहेर पडते, आणि तो तिथेच उभा राहतो.