मोंतेचं एक धड मॅड्रिगल मिळू नये?

फिलिप द मोंते या जुन्या युरोपीय संगीतकाराने अकराशेच्या वर मॅड्रिगल्स (अनेक आवाजांनी मिळून गायची गाणी) रचली, आणि आम्हा पाच जणांना गायला धड एक मिळवताना जीव मेटाकुटीला येतो! सोळाव्या शतकात प्रत्येक आवाजाची वही वेगळी छापायचे, त्यात बाररेघाही (बार म्हणजे तालाचे तुकडे, ते वेगळे दाखवणाऱ्या उभ्या रेघा) नसायच्या. कुणी त्या पाचही वह्या एकाखाली एक मांडल्याशिवाय आम्ही गायचं कसं? नेटवरून फुकटची प्रत उतरवली, तर काल तालमीत कळलं की आल्टोचा, म्हणजे मधल्या एका आवाजाचा, एक बारच गायब. तिसऱ्या ओळीपासून सगळा मेळ विस्कटला. आणि शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवायच्या-उतरवायच्या, खुणा? मुळातल्या कुठल्या, संपादकाच्या पदरच्या कुठल्या, काही पत्ता नाही. अहो, आपण घातलेली खूण स्वराच्या डोक्यावर बारीक छापायची, एवढी साधी रीत पाळायला काय जातं? इतकं देखणं संगीत आहे हो हे!