स्वमग्नता आतड्यातून येत नाही, पण पोटदुखी खरी असते

‘स्वमग्नता (ऑटिझम) हा मुळात आतड्यांचा आजार आहे, गहू आणि दूध बंद करा, आतडी साफ करा, मूल बोलू लागेल,’ असा संदेश पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून सतत फिरत असतो. त्यातला काही भाग खरा असल्यामुळेच तो पालकांना पटतो.

स्वमग्न मुलांना पोटाचे त्रास अधिक होतात, हे निर्विवाद आहे. अनेक अभ्यास एकत्र करून 2014 साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मांडलेल्या विश्लेषणात इतर मुलांच्या तुलनेत या तक्रारींची शक्यता सुमारे चौपट आढळली. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि इथे तर बाण उलट दिशेने जात असण्याची शक्यता अधिक दिसते. ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या शौचाचे नमुने तपासून 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतड्यांतील जंतूंचा स्वमग्नतेशी थेट संबंध फारसा दिसला नाही. तो दिसला आहाराच्या एकसुरीपणाशी. वास, चव किंवा स्पर्श सहन होत नाही म्हणून जे मूल केवळ मऊ भात आणि एकाच प्रकारची बिस्किटे खाते, त्याच्या आतड्यांतील जंतूंची विविधता घटणे स्वाभाविक आहे.

गहू आणि दूध बंद करण्याचा दावाही चाचणीत टिकलेला नाही. मुलांना ग्लुटेन (गव्हातील प्रथिन) किंवा केसीन (दुधातील प्रथिन) कधी दिले हे पालक व संशोधक दोघांपासून लपवून केलेल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर चाचणीत वागणुकीत, झोपेत वा शौचात फरक पडला नाही. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी असल्याने गहू सोडणे एक वेळ जमेल. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दूधही तोडले, तर कॅल्शियम आणि प्रथिने कुठून मिळणार, याचे उत्तर त्या संदेशात नसते.

‘आतडी साफ करा’ हा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. या नावाखाली विकल्या जाणाऱ्या क्लोरीन डायऑक्साइडच्या थेंबांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 आणि 2019 साली इशारे दिले, कारण ते पोटात घेणे म्हणजे ब्लीच पिणे होय.

मला सर्वाधिक खुपते ते वेगळेच. पोटाला स्वमग्नतेचे मूळ ठरवण्याच्या नादात प्रत्यक्ष दुखणारे पोट मागे पडते. न बोलणारे मूल टेबलाच्या कडेवर पोट दाबून ओणवे राहते, रात्री किंचाळत उठते, स्वतःला चावते, आणि ‘ते तसेच वागते’ म्हणून घरचेच नव्हे, तर कधी डॉक्टरही पुढे जातात. साठून कडक झालेल्या शौचाच्या बाजूने पातळ शौच झिरपून चड्डी खराब होते, तेव्हा जुलाब समजून नेमके उलटे औषध दिले जाते. वागणुकीत असा अचानक बदल दिसला, तर बालरोगतज्ज्ञांकडून बद्धकोष्ठता, आम्लपित्त, दात आणि कान तपासून घ्यावेत. बद्धकोष्ठता उपचारांनी आटोक्यात येते, मात्र औषध अनेक महिने नेटाने द्यावे लागते. गव्हाचा त्रास असल्याची शंका असेल, तर सीलिअ‍ॅक आजाराची (यात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वी करून घ्यावी; गहू सोडल्यानंतर तिचा निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.