सराव पाठ झाला की आधी तो स्वतः ऐका

बी.एड.मध्ये तंत्रज्ञान म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर पीपीटी येते. मराठीच्या सराव पाठाला छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारे आमचे विद्यार्थी, स्लाइड्स करून आणतात, पावसाच्या कवितेला पावसाचा व्हिडिओ लावतात, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून सरकारच्या दीक्षा ॲपवरचा भाग दाखवतात, आणि निरीक्षण तक्त्यात शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात चांगले मार्क पडतात. मी बरीच वर्षं मराठी अध्यापन पद्धती शिकवतेय, आणि माझं स्पष्ट मत झालंय की भाषेच्या शिक्षकाला फोनमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट कुठली असेल तर तो साधा व्हॉइस रेकॉर्डर. आणि नेमका तोच आपण वापरत नाही.

सूक्ष्म अध्यापनाचंच बघा ना, म्हणजे छोटासा पाठ घ्यायचा, तो कसा झाला ते ऐकायचं आणि सुधारून परत घ्यायचा. ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, १२ पुनर्नियोजन, मग परत ६ आणि ६, असं ३६ मिनिटांचं चक्र आपल्या छात्राध्यापकांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र उभं केलं तेव्हा त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, म्हणजे शिकवणाऱ्याने आपला पाठ लगेच स्वतः बघायचा. आपल्याकडे कॉलेजांमधे तेव्हा कॅमेरे कुठून असणार, म्हणून मग सोबत्यांनी मागे बसून तक्ता भरायचा अशी पद्धत पडली. तेव्हाची अडचण खरी होती. पण आज वर्गात जवळपास सगळ्यांकडे फोन आहे आणि तरी आपण तक्ताच भरतोय, 'आवाज स्पष्ट, फलक लेखन छान', कारण मैत्रिणीला वाईट वाटेल असं कोण लिहिणार?

रेकॉर्डिंग ऐकल्यावर जे कळतं ते कुठलाच तक्ता सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने कवितेचा पाठ घेतला, टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी उत्तम, प्रश्न उत्तम. रात्री तिने स्वतःचा पाठ ऐकला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, मॅडम मी प्रश्न विचारते आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देऊन टाकते, पूर्ण तासात एकाही मुलाचं पूर्ण वाक्य नाहीये. मी मागे बसून तो पाठ पाहिला होता, पण इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. भाषेच्या तासाला मुलं बोललीच नाहीत तर तो तास कशाचा? फ्लँडर्सचं आंतरक्रिया विश्लेषण, म्हणजे वर्गात कोण कधी बोलतं ते नोंदवायची पद्धत, आपण थिअरीत शिकवतो, दर ३ सेकंदाला एक नोंद, १० प्रकार, त्यातले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्यांच्या, १ शांततेचा किंवा गोंधळाचा. चालू तासात हे करायला खूप सराव लागतो, पण रेकॉर्डिंग थांबवत थांबवत दहा मिनिटांचा तुकडा कोणीही करू शकतं, आणि मग कोण किती बोललं ते समोर येतं.

दुसरी गोष्ट उच्चारांची. चार आणि चारा, जन्म आणि जग, अक्षर तेच पण उच्चार वेगळा, आणि लिपी हा फरक दाखवत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे आमच्या छात्राध्यापकांच्या वर्गात घरी हिंदी, गुजराती, तमिळ बोलणारी मुलं असणार. त्या मुलांना हे कानानेच शिकायचंय, आणि त्यांच्या कानावर सगळ्यात जास्त पडणार तो शिक्षकाचा आवाज. म्हणून आदर्श वाचन, म्हणजे शिक्षकाने मुलांना नमुना म्हणून वाचून दाखवायचं ते, आधी स्वतः रेकॉर्ड करून ऐकावं, परत वाचावं, परत ऐकावं. याला इंटरनेट लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, लाइट गेली तरी चालतं.

आणि बोली! डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, लोकांच्या आवाजासकट आहे. ते ऐकवलं की पुण्यातल्या छात्राध्यापकाला कळतं की वऱ्हाडातलं किंवा खानदेशातलं पोर 'चुकीचं' बोलत नाहीये, ते त्याच्या घरची मराठी बोलतंय. हे मी व्याख्यानात कितीदा सांगितलं तरी पोचत नाही, ऐकल्यावर पोचतं. माझ्या मते मराठी अध्यापन पद्धतीच्या पेपरमधे हे ऐकणं सक्तीचं असायला हवं.

पण होतं काय, आयसीटीचा, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाचा, वेगळा पेपर आहे, तो कॉम्प्युटरवाले सर घेतात, तिथे फाइल सबमिट झाली की विषय संपतो आणि मराठीच्या तासाला कोणी त्याकडे वळूनही बघत नाही. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला, इंटर्नशिपसकट किमान २० आठवडे शाळेत जायचंय, म्हणजे वेळ नाही असं आता म्हणता येणार नाही.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. वर्गातल्या लहान मुलांचे आवाज त्यात येतात, म्हणून मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी आधी घ्यायची, व्हिडिओ नाही फक्त आवाज, ग्रुपवर कुठेही टाकायचा नाही, स्वतः ऐकून आणि मार्गदर्शकाबरोबर बोलून झालं की डिलीट. आणि त्या रेकॉर्डिंगला मार्क अजिबात द्यायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी छात्राध्यापक वर्गाला आधीच उत्तरं पाठ करून घेऊन रेकॉर्डिंग करतील. मार्क द्यायचेच असतील तर ऐकल्यावर पुढच्या टाचणात त्यांनी काय बदललं त्याला द्या.